क्लबाचं वय

माझा जन्म झाला तेव्हा आमच्या गावचा फुटबॉल क्लब पाच वर्षांचा होता. आज मी बासष्ट वर्षांची आहे आणि क्लब पंचाहत्तर वर्षांचा झाला आहे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण हे गणित फळ्यावर मांडायची मला लाज वाटली असती. त्यात अवघड काहीच नाही. गावात जेव्हा कुणाला निवडून यायचं असे, किंवा कुणाच्या बापाच्या नावाची कमान उभारायची असे, तेव्हा क्लबाचा एखादा महोत्सव निघे. आणि महोत्सवाला वर्षं कमी पडली की स्थापनेचं साल मागे ढकललं जाई. रौप्यमहोत्सवाला चार वर्षं मागे ढकललं, सुवर्णमहोत्सवाला आणखी दोन, आता अमृतमहोत्सवाला पुन्हा दोन. माणसं वय लपवतात, आमच्या क्लबाने ते वाढवून सांगितलं. या चालीने त्याची शताब्दीही मला माझ्या डोळ्यांनी बघावी लागेल अशी भीती वाटते.

मागच्या थंडीत क्लबाची दोन पोरं मोटारसायकलवरून माझ्या अलिबागच्या घरी आली. छातीवर क्लबाचं नाव छापलेले सदरे, हातात फोन, आणि एका पिशवीत रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेचं पहिलं पान प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. त्या पानावर 'आमच्या क्लबाचा जन्म' नावाचा लेख आहे आणि त्याखाली माझं नाव आहे. तो आता क्लबाचा मूळ दस्तऐवज समजला जातो. तोच लेख मी अमृतमहोत्सवात पुन्हा वाचावा, अशी त्यांची विनंती होती. मी त्यांना सांगितलं की त्यातली एक ओळही खरी नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातला जरा चुणचुणीत होता तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, खोटा असला तरी जुना आहे ना?" मी त्यांना चहा दिला आणि रवाना केलं. रागावणार तरी कुणावर? त्यांच्या हातातल्या खोट्याची पहिली प्रत माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. अकरावीच्या बोर्डाला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, नुकतीच बसले होते आणि निकालाची वाट बघत घरी होते. आमचं गाव समुद्राकाठी, बोर्ली पंचतनच्या बाजारापासून तासाभराच्या चालीवर. बाबांची सुपारीची लहानशी वाडी होती. चैत्र-वैशाखात आमच्या अंगणात चालायला जागा नसे. सगळीकडे वाळलेली सुपारी पसरलेली, आणि कडेला आई एका पायाने विळा दाबून बसलेली. सुपारीचं साल सुटतानाचा करकर आवाज आणि मग आतला गर टोपलीत पडल्याचा टप्प आवाज, यावर आमचा दिवस चाले. त्या आवाजावरून मला घरात बसून कळायचं की आई थकली आहे, की रागावली आहे, की कुणाशी मनात बोलते आहे. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी. जेवून बाबा पडवीत आडवे व्हायचे आणि आई पुन्हा विळ्यावर बसायची. आई फार बोलत नसे. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण पोस्टमनने दिलेलं प्रत्येक पत्र ती उलटं-सुलटं करून आधी स्वतः बघायची आणि मगच माझ्या हातात द्यायची.

क्लबाचा अध्यक्ष होता दामूशेठ. सगळ्या गावाची सुपारी त्याच्या वखारीत जायची, आमचीही. त्याने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. चिटणीस होते आमच्या शाळेचे वर्दे मास्तर, ज्यांना मैदानात ऊन लागायचं. त्या वर्षी दामूशेठला पंचायत समितीला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी एक मोठा समारंभ हवा होता. क्लब एकवीस वर्षांचा होता, पण निवडणूक चार वर्षं थांबणार नव्हती. मग मास्तरांनी शोध लावला की क्लबाची 'खरी' स्थापना चार वर्षं आधीच झाली होती, फक्त ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. संस्थापक कोण, याचाही त्यांनी शोध लावला. दामूशेठचा मेलेला बाप, बापूशेठ. आता फक्त ते कुणीतरी सुंदर अक्षरात लिहून, स्मरणिकेत छापून, माईकवर वाचायचं बाकी होतं. शाळेत माझं अक्षर पहिलं होतं. मास्तर स्वतः आमच्या अंगणात आले, सुपारीवर पाय पडू नये म्हणून धोतराचा सोगा उचलून उभे राहिले आणि म्हणाले की क्लबाचा इतिहास लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. शिवाय, पुढे मला डी.एड.ला जायचं होतं. तिथल्या वसतिगृहासाठी लागणारं शिफारसपत्र ते देणार होते. आई विळ्यावरच होती. मास्तर काय म्हणाले ते तिने ऐकलं, पण सुपारीची करकर थांबली नाही. ती कशी थांबली नाही, याचं मला आज नवल वाटतं.

मास्तरांनी मला तीन म्हाताऱ्यांची यादी दिली आणि त्यांना भेटून आठवणी गोळा करायला सांगितलं. पहिला दामूशेठचाच मुनीम. त्याच्या मते बापूशेठला खेळाचा इतका ध्यास होता की ते झोपेतही 'गोल, गोल' म्हणायचे. दुसरा देवळातला गुरव. त्याने क्लबाची स्थापना देवळाच्या पायरीवर नारळ फोडून झाल्याचं सांगितलं. नारळ कुणी फोडला असं मी विचारल्यावर, मास्तरांनी काय सांगितलंय ते त्याने मलाच विचारलं. मी दोघांचंही म्हणणं वहीत लिहून घेतलं. सोळाव्या वर्षी माणसाला वाटतं की म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत. ती तरुणांपेक्षा जास्त सहज खोटं बोलतात, त्यांना कुणी अडवत नाही म्हणून, हे पुढे कळलं.

तिसरा म्हातारा निवृत्त पोस्टमन. तो खाडीपलीकडे लेकीकडे राहायचा, म्हणून मी तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसले. तर चालवायचा बाळ्या तांडेल. काळाकभिन्न, रुंद हातांचा, बोलायला तिखट. उतारू मी एकटीच होते. वही कसली म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं. बापूशेठचं नाव ऐकून तो वल्ही मारायचा थांबला आणि खाडीत थुंकला. मग हसायला लागला. बापूशेठने क्लब काढला नाही, बापूशेठने चेंडू फाडला, असं तो म्हणाला. मी विचारलं, मग क्लब कुणी काढला?

"अनंतानं."

हा अनंता कोण, असं मी विचारलं. बाळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचं हसू गेलं. त्याने पुन्हा वल्ही हातात घेतली आणि पलीकडच्या काठाला होडी लागल्यावर, मला हात देऊन उतरवताना म्हणाला, "तुजे आयेला इचार. चेंडू तिनंच शिवला."

पोस्टमनला मी भेटलेच नाही. काठावर उभी राहिले आणि त्याच होडीतून परत आले.

घरी आले तेव्हा दुपार होती, बाबा पडवीत आडवे झाले होते. मी आईसमोर उकिडवी बसले आणि विचारलं, "आये, अनंता कोण?" तिने हातातली सुपारी पुरी सोलली. टोपलीत टाकली. विळा आडवा करून ठेवला आणि म्हणाली, "माझा पयला न्हवरा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बाबांकडे पाहिलं. ते उठून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं तसं काहीच नव्हतं. ते आईला म्हणाले, "सांग तिला. ती काय आता ल्हान हाय?" आणि पाण्याचा तांब्या तिच्यापाशी आणून ठेवून वाडीत निघून गेले. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. माझ्याबरोबर खेळलेल्या पोरींना, त्यांच्या आयांना, मास्तरांना, दामूशेठला. एका मला ठाऊक नव्हतं, आणि क्लबाचा इतिहास लिहायला गावाने नेमकं मलाच निवडलं होतं. मास्तरांनी ते मुद्दाम केलं की त्यांच्या ध्यानातच आलं नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. दोन्ही गोष्टी त्यांना शोभणाऱ्याच होत्या.

आईने दोन दुपारी मिळून सांगितलं. अनंता बोटीवर खलाशी होता. रजेवर आला तो कुठल्याशा बंदरातून चामड्याचा चेंडू घेऊन आला, आणि त्याच रजेत त्याचं आईशी लग्न झालं. ती सासरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. ओहोटीच्या वाळूवर पोरं चेंडू खेळायची. गावाला तो खेळ नवा होता, कुणालाही कुठेही लाथ मारायची मुभा असल्यासारखा. एकदा चेंडू उडून बापूशेठच्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपारीत पडला. बापूशेठने तो परत द्यायला निघालेल्या आपल्या गड्याच्या हातून घेतला आणि सगळ्यांदेखत विळ्याने उभा चिरला. चिरलेलं चामडं कुंपणाबाहेर टाकलं. अनंता ते उचलून घरी घेऊन आला आणि ओट्यावर बसून राहिला.

आईचे वडील होड्यांची शिडं शिवायचे, त्यांच्याजवळ बसून ती जाड टाका शिकली होती. नवी नवरी, डोक्यावरचा पदर खाली घ्यायची चोरी, पण तिने स्वतःहून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढला. आतल्या फुग्याचं पंक्चर काढायला अनंता बोर्लीच्या सायकलवाल्याकडे चालत जाऊन आला. ती पूर्ण एक दिवस शिवत होती. सासूने विचारलं, हे काय चाललंय, तर ती म्हणाली पखाल शिवतेय. हे सांगताना आई हसली. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात दिसले तिचे. दुसऱ्या दिवशी अनंताने अकरा जण गोळा केले, त्यांत बाळ्या तांडेल होता, माझे बाबा होते, आणि सगळे बापूशेठच्या खळ्यासमोर जाऊन उभे राहिले. चेंडू अनंताच्या काखेत. तो म्हणाला, "शेठ, कालपत्तर पोरं खेळत व्हती. आजपासनं कलब खेळतोय. आता हात लावून बघा." क्लबाची स्थापना ती. नारळ नाही, पायरी नाही, दूरदृष्टी तर मुळीच नाही. पहिला सामना खाडीपलीकडच्या मुसलमान वाडीतल्या पोरांशी झाला आणि आमचे सहा गोलांनी हरले. आई इतर बायकांबरोबर खडकावर कालवं फोडत बसली होती, म्हणजे बसल्याचं दाखवत होती. त्या दिवशी घरी कालवं आलीच नाहीत, टोपली रिकामीच होती, आणि सासू काय म्हणाली ते मात्र तिने मला सांगितलं नाही.

पुढल्या वर्षी अनंता पुन्हा बोटीवर गेला. त्याला कुठल्या तरी परक्या बंदरातल्या दवाखान्यात उतरवल्याचं पत्र आलं आणि काही महिन्यांनी मुंबईच्या गावकीच्या खोलीतून, जिथे गावचे खलाशी उतरत, त्याची पेटी आली. तो आला नाही. दोन वर्षांनी आईचा बाबांशी पाट लागला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. बाबांनी स्वतःहून विचारलं होतं. संध्याकाळी वाडीत मी बाबांना गाठलं आणि धीर करून विचारलं की तुम्हाला याचं काही वाटत नाही का. ते पाटाचं पाणी दुसऱ्या आळ्यात वळवत होते. म्हणाले, "मला काय वाटायचं? तो पुढं खेळायचा, मी मागं." त्यांना त्यात काहीही गूढ बोलायचं नव्हतं. खरंच तसं होतं.

मी लिहिलं. आईने सांगितलं तसं, तिच्या शब्दांत जमेल तितकं, आठ पानं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत होती. एका ठिकाणी तिने मला थांबवलं आणि पहिल्या सामन्यात पाच नव्हे, सहा गोल झाले, असं दुरुस्त केलं. बाबा आत होते, त्यांनी तिथूनच सहा हा आकडा पुन्हा मोठ्याने सांगितला. मी आजवर खूप कागद लिहिले, पण कुणी दोघांनी मिळून माझं लिखाण तपासलं असं पुन्हा झालं नाही.

ती आठ पानं घेऊन मी दामूशेठच्या ओटीवर गेले. मास्तर तिथेच होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानाला ते घसा खाकरायला लागले. त्यांनी कागद दामूशेठकडे दिला. दामूशेठ सावकाश वाचायचा, बोटाने ओळ धरून. मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी हट्टी होते, ओरडणाऱ्यासमोर टिकले असते. पण त्याने कागद खाली ठेवला, घरातून माझ्यासाठी सरबत मागवलं आणि अगदी मायेने म्हणाला, "पोरी, हे छापायला माझी ना नाही. माझा बाप चेंडू फाडणारा होता हे सगळं गाव जाणतं. पण तुझी आई पाटाची बायको आहे, हे तुला पाचशे प्रतींत छापून हवंय का? पुढे तुझं लग्न व्हायचंय." मास्तरांनी जमिनीकडे बघत मान हलवली. मग म्हणाले की शिफारसपत्र त्यांनी लिहून तयारच ठेवलं आहे.

सरबत कोकमाचं होतं, गोड झालं होतं. मी ते सगळं प्यायले. आठ पानं मास्तरांनी चौघडी करून खिशात घातली ती मला परत दिसली नाहीत, आणि मीही मागितली नाहीत. दुसरी प्रत काढायचं मला सुचलंच नव्हतं. मग तिथेच ओटीवर बसून, मास्तर सांगतील तसं, मी दीड पान लिहिलं. त्यातलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'थोर क्रीडाप्रेमी कै. बापूशेठ यांनी गावातील तरुणांच्या हाती चेंडू दिला.' हातातून घेऊन चिरला, एवढा तपशील सोडला तर वाक्य ठीक होतं. मी प्रत्येक वेलांटी नीट काढली. स्वतःशी मी म्हणत होते की हे आईसाठी करते आहे. दामूशेठविषयी, मास्तरांविषयी मला जी शिसारी वाटते, ती मी पुष्कळदा पुष्कळ जणांना बोलून दाखवली आहे. त्या ओटीवर बसलेल्या मुलीविषयी तितकीच वाटते, हे इथे पहिल्यांदा लिहिते आहे. ते दोघे निदान स्वतःच्या बापासाठी आणि स्वतःच्या शेठसाठी खोटं करत होते.

आईला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठ दिवस गेले.

समारंभ मैदानात होता. मांडव मैदानातच घातल्यामुळे क्लबाच्या रौप्यमहोत्सवात फुटबॉल खेळता आला नाही, आणि हे कुणाला खटकलंही नाही. पताका, भोंगे, पुढारी, पुढाऱ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. आई कधी कुठल्या समारंभाला जात नसे. त्या दिवशी तिने सकाळी लवकर घावणे करून ठेवले, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. बाबा मागे उभे होते. बाळ्या तांडेल धुतलेला सदरा घालून आला होता. त्या दिवशी त्याने तर बंद ठेवली होती. माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकसमोर उभी राहिले आणि वाचलं. माझा आवाज चांगला लागला, असं सगळे पुढे म्हणाले.

वाचताना मी वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. बापूशेठचं नाव एकदा आलं, दोनदा आलं, गुरवाचा नारळही आला, तरी तिच्या चेहऱ्यावरची वाट बघण्याची कळा गेली नव्हती. तिला वाटत होतं की हे सगळं आधी घ्यायची रीत असेल, आणि मग तिचं येईल. बाळ्या अर्ध्यातूनच उठून गेला. मी शेवटचं वाक्य वाचलं, टाळ्या झाल्या, आणि आई टाळ्या संपेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिली.

आम्ही घरी आलो. ऊन उतरायचं होतं. आईने लुगडं बदललं, चूल पेटवली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याचं नाव कवा आलं? मधी भोंगा खरखरला, तवा आलं काय?"

हो म्हणाले असते तर तिने मानलं असतं. एवढा खोटेपणा करून आलेल्या मला हे एक शेवटचं खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, नाही आलं. मग मी सगळं सांगितलं, दामूशेठ काय म्हणाला तेही, आणि हे मी तुझ्यासाठीच केलं, लोक तुला नावं ठेवतील म्हणून केलं, असं रडत रडत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला त्याची लाज कवाच न्हवती. तुला वाटली." चुलीत लाकूड सारून ती म्हणाली, "छापायचं न्हवतं, तर माझ्याकडनं इचारून कशाला घेतलंस?"

बाबा उठून वाडीत गेले. सकाळचे घावणे झाकून ठेवलेले होते, ते तसेच राहिले.

दामूशेठ निवडून आला. मी शिफारसपत्र घेऊन डी.एड.ला गेले, शिक्षिका झाले, त्याच पत्राच्या जोरावर आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं. दामूशेठ मेल्यावर बापूशेठच्या शेजारी त्याचीही तसबीर क्लबात लागली. दोघांनाही दर वर्धापनदिनी हार पडतो. बाबा गेल्यावर मी आईला अलिबागला माझ्याकडे आणलं. ती माझ्याशी नीट वागायची. माझ्या मुलांचं सगळं तिने केलं. पण मी कधी अनंताचा विषय काढला, तर ती म्हणायची, "मला आता आठवत न्हाय." तिला चाळीस वर्षांमागची प्रत्येक कोंबडी रंगासकट आठवत होती. एकदा मी म्हटलं की आता मी ते सगळं खरं खरं लिहिणार आहे, फक्त तू मला पुन्हा सांग. ती म्हणाली, "लिवलंस की एकदा." आणि देवघराकडे वळली.

आई गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. दहाव्याच्या दिवशी आमच्या शेजारच्या खैरूनबी भेटायला आल्या. मी शाळेत असायचे तेव्हा त्या दोघी दुपारभर मागच्या दारी बसायच्या, एवढं मला माहीत होतं. खैरूनबींचा नवरा बोटीवर होता, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या माझ्याजवळ बसल्या, डोळे पुसले, आणि आईची आठवण काढता काढता सहज म्हणाल्या की तुमच्या अम्माने तो चेंडू शिवताना अनंता काय काय बोलत होता ते सांगितलं की मला हसू आवरायचं नाही, आणि त्याची पेटी आली त्या दिवशीचं सांगितलं तेव्हा आम्ही दोघी रडलो होतो. चेंडू शिवताना अनंता तिच्याजवळ बसून बोलत होता, हे मला ठाऊक नव्हतं. पेटी आली त्या दिवशीचंही मला एका ओळीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, मला सांगा, पेटीत काय होतं, तो काय बोलत होता, सगळं सांगा.

खैरूनबींनी हात सोडवला नाही, पण त्या अवघडल्या. पदर सारखा केला. मग खाली बघून म्हणाल्या, "नाय बाय. तिनं मला कसम घातलीय. बोलली, माझ्या लेकीला सांगू नको, ती लिहील."